अक्षरी रुपये शून्य फक्त

तुलनात्मक तक्त्यात शून्य लिहायचं नसतं, हे ज्याला ठाऊक नाही त्याने कार्यालयीन खरेदीच्या वाटेला जाऊ नये. एका कंत्राटी ऑपरेटरने लिहिलं. ‘बाब : संगणक कार्यप्रणाली (लिनक्स). नग : 20. दर : 0.’ आणि खाली रीतीप्रमाणे ‘अक्षरी रुपये शून्य फक्त.’ टिपणी साहेबांच्या टेबलापर्यंत पोचलीच नाही. भाऊसाहेबांनी ती मधेच अडवली आणि लाल शाईने शेरा मारला : ‘दर अवास्तव कमी. खुलासा व्हावा.’

खुलासा काय करणार, कपाळ? वस्तू फुकट आहे. 1991 पासून फुकट आहे. संकेतस्थळावरून काही जीबींची आयएसओ फाइल उतरवायची, ती पेनड्राइव्हवर रीतसर चढवायची (नुसती कॉपी-पेस्ट करून भागत नाही, एवढी एकच मेख), यंत्र सुरू होताना एफ-बारा किंवा त्या मॉडेलची जी असेल ती कळ दाबायची आणि पेनड्राइव्हवरून चालू करायचं. हार्डडिस्कला धक्का न लावता आधी चालवून बघता येते. पटली तर बसवा, नाही तर पेनड्राइव्ह खिशात घाला. एकच फाइल वीस यंत्रांना पुरते, दोनशेंना पुरते, भाऊसाहेबांच्या घरच्या लॅपटॉपलाही पुरते, आणि दुसऱ्याला प्रत खुशाल द्या असं परवान्यातच लिहिलेलं आहे.

पण दराचा रकाना रिकामा राहतो ना!

एकदा शून्य मान्य करायचं म्हटलं की प्रश्नांना अंत नाही. तीन दरपत्रकं हवीत, म्हणजे तीन पुरवठादारांनी शून्य रुपये असा दर सीलबंद पाकिटातून लेखी द्यायला हवा. तिघांचे दर सारखे निघाले तर ते संगनमत. तेव्हा एकाने तरी शून्याहून कमी भरायला हवा, म्हणजे तो उलट आपल्यालाच पैसे देणार, आणि ते कुठल्या लेखाशीर्षाखाली जमा करायचे याचं मार्गदर्शन वरून मागवावं लागणार. शून्यावर अठरा टक्के जीएसटी किती होतो हे लेखापालांनी कॅल्क्युलेटरवर काढून पाहिलं, खात्रीसाठी पुन्हा काढलं, आणि उत्तर तेच आलं तरी पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक पडल्याशिवाय बिल पास होणार नाही म्हणाले. सुरक्षा अनामत पाच टक्के. बँक शून्याचा डीडी काढून देत नाही. हमीपत्र पाचशेच्या मुद्रांकावर. इथे निदान पाचशे रुपये तरी खर्ची पडताना दिसले आणि लेखापालांच्या जिवात जीव आला. पण हमी लिहून देणार कोण? जगभर पसरलेल्या हजारो लोकांनी मिळून लिहिलेली ही प्रणाली. त्यातल्या कोणाला मुद्रांक विक्रेत्याकडे रांगेत उभं करायचं? शिवाय गाभ्याचा परवाना, म्हणजे जीपीएलची दुसरी आवृत्ती, कलम 11 आणि 12 मध्ये सरळ सांगतो की कसलीही हमी नाही, बिघडलं तर निस्तरायचं तुम्ही. इतकं खरं बोलणारा पुरवठादार या कार्यालयाने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. बाकीचे तीन वर्षांची हमी लिहून देतात आणि तिसऱ्या महिन्यापासून फोन उचलत नाहीत. ते नियमात बसतं.

भाऊसाहेबांना यातली एकच गोष्ट मनापासून आवडली. उतरवलेली फाइल अस्सल आहे की वाटेत कोणी तिच्यात काही कालवलंय, हे पडताळायला तिच्यासोबत चौसष्ट अंक-अक्षरांची एक ओळ मिळते. आपल्या फाइलवरून निघालेली ओळ तिच्याशी तंतोतंत जुळायला हवी. फाइलमध्ये कुठे एवढासा जरी फरक असला तरी सगळी ओळच बदलून जाते. ‘म्हणजे सत्यप्रत!’ भाऊसाहेब खुलले. ऑपरेटर म्हणाला, एक आज्ञा दिली की संगणकच जुळवून सांगतो. छे, तपासणी कागदावर झाली पाहिजे. दोन प्रिंट काढल्या. ‘नऊ... ए... चार... एफ... एफ...’ एक जण वाचतोय, दुसरा लाल पेनने टिक करतोय, तेवढ्यात मॅडम रजेच्या अर्जाचं विचारायला आल्या आणि पुन्हा पहिल्यापासून ‘नऊ... ए... चार...’ अखेर चौसष्टच्या चौसष्ट जुळली. भाऊसाहेबांनी चष्मा काढला. ‘ते सगळं ठीक आहे रे. पण राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का कुठाय?’

वाट काढली ती नेहमीच्या दुकानदाराने. हा माणूस तीन लेटरहेडं बाळगून असतो. एक स्वतःचं, एक बायकोच्या नावचं, एक मेहुण्याचं. तिन्ही दरपत्रकं दुपारी एकाच स्कूटरवरून आली आणि तिन्हींत ‘इन्स्टॉलेशन’ हा शब्द एकाच जागी चुकलेला होता. दर 4,000, 4,350 आणि 4,600. सर्वांत कमी 4,000, अधिक अठरा टक्के, म्हणजे नगाला 4,720. वीस नगांचे 94,400. शेरा पडला : ‘दर वाजवी. मंजुरीस हरकत नसावी.’

माल आला. वीस डीव्हीडी, वीस प्लास्टिकच्या डब्यांत, सगळ्यांत तीच ती फुकटची फाइल. कार्यालयातल्या एकाही संगणकाला डीव्हीडीचा कप्पा नाही, पण तो विषय वेगळ्या टेबलाचा. माल आला म्हणजे जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढणार, आणि चढला म्हणजे त्याच्यावर क्रमांक पडणार. शिपाईमामांनी कपाटाखालचा पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा काढला, ब्रश रॉकेलमध्ये बुडवून मऊ केला आणि खुर्च्यांवर, पंख्यांवर, पाण्याच्या पिंपावर घालतात तसा प्रत्येक डीव्हीडीवर ठळक क्रमांक घातला. चकचकीत बाजूला. दुसऱ्या बाजूला छान रंगीत चित्र छापलेलं होतं, ते खराब करणं मामांना बरं वाटेना. वीसही तबकड्या खिडकीत वाळत ठेवल्या आणि वाळल्यावर कपाटात कुलूपबंद झाल्या. किल्ली भाऊसाहेबांकडे.

ऑपरेटरने सुटीच्या दिवशी येऊन घरच्या पेनड्राइव्हवरून वीसच्या वीस संगणकांवर प्रणाली बसवून टाकली. आधी जुन्या फायलींची प्रत काढून ठेवली, हे त्याचं शहाणपण.

आता हसणं पुरे. या वीस संगणकांवर आजवर काय होतं? चोरीचं होतं! दुकानातला पोरगा यायचा, तीनशे रुपये आणि एक कटिंग, की झालं काम. त्याला कोणी दरपत्रक मागितलं नाही, हमीपत्र मागितलं नाही, चौसष्ट अक्षरं टिकमार्क करून पाहिली नाहीत. ‘ही प्रत अस्सल नाही’ असं पडद्याच्या कोपऱ्यात लिहून यायचं, तासातासाला पार्श्वभूमी काळी पडायची, आणि साहेब तासातासाला तिथे पुन्हा गणपतीचा फोटो लावायचे. नागरिकांचे दाखले या असल्या उचललेल्या मालावर छापले गेले, त्याखाली अशोकस्तंभाचा शिक्का पडला, आणि लेखापरीक्षणात एकदाही आक्षेप नाही, कारण ज्याचा कागदच नाही त्यावर आक्षेप कुठला? मुक्त प्रणालीला प्राधान्य द्या असं धोरण 2015 पासून छापून पडलंय. केरळात शाळेतली पोरं वर्षानुवर्षं याच्यावर गिरवताहेत. आणि इथे फुकट मिळणारी वस्तू कायद्याने घ्यायची म्हटली तर तिला आधी महाग करावी लागते. लाज, लाज म्हणून काही असते की नाही?

त्यात भर मराठीची. सोमवारी जुनी पत्रं उघडली आणि कार्यालयात बोंब उठली, ‘लिनक्सने मराठी खाल्ली!’ ‘महाराष्ट्र’ लिहिलेलं होतं तिथे इंग्रजी ई, जी, के, जे, के, मग एक अवतरणचिन्ह, मग व्ही. अहो, तुमच्या त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी कधी नव्हतीच! इंग्रजी अक्षरांवर देवनागरीची चित्रं चिकटवलेली होती. फॉन्ट काढला, चित्रं गेली, खालचं उघडं पडलं. देवनागरीला युनिकोडमध्ये 1991 पासून स्वतःची जागा आहे, म्हणजे लिनक्सइतकीच जुनी. इन्स्क्रिप्टचा कळफलक या प्रणालीत आयता येतो, निवडला की टाइप करा. सगळे मेनू मराठीत दिसत होते आणि त्या मराठी मेनूंवर बोट ठेवून मंडळी ओरडत होती की याला मराठी येत नाही. मी ही लढाई लग्नपत्रिका छापणाऱ्यांशी हरलोय, संमेलनाच्या स्मरणिकावाल्यांशी हरलोय, संपादकीय विभागातही हरलोय, पण निदान सातबाऱ्याच्या देशात गावाचं नाव दुसऱ्या संगणकावर गावाचं नाव म्हणूनच उघडावं, एवढी मागणी जास्त आहे का?

लेखापरीक्षण झालं. 94,400 रुपयांवर एक अक्षर नाही. दरपत्रकं तीन, तक्ता सहीचा, तबकड्या क्रमांकासह जागेवर. आक्षेप पेनड्राइव्हवर आला : नोंदवहीत नसलेली खासगी वस्तू शासकीय यंत्रास विनापरवानगी जोडली. ऑपरेटरला कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे. खुलासा सात दिवसांत, दोन प्रतींत, कार्यालयाच्या प्रचलित फॉन्टमध्येच सादर करायचा आहे. तो फॉन्ट आता फक्त बाद झालेल्या एकविसाव्या संगणकात शिल्लक होता, आणि त्याचं गेल्याच आठवड्यात निर्लेखन होऊन तो भंगारवाल्याच्या टेंपोतून गेला.