चान्स, स्कोप आणि सर

धर्मापुरीत केदारेश्वराच्या देवळावरची शिल्पं बघायला कुणी परगावचा पाहुणा उतरला, की एक गृहस्थ हातातला चहा टाकून धावतात. देवळाची माहिती देण्यात त्यांना रस नसतो. पाहुण्याशी इंग्रजीत बोलायचं असतं. हे सर. मराठवाड्यातल्या प्रत्येक मोठ्या गावाला असे एक सर असतात. डीएड होऊन जमाना झालेला, शिक्षकभरतीची वाट बघून डोक्यावरचे केस गेलेले, आणि पत्र्याच्या खोलीवर स्पोकन इंग्लिशची पाटी. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हापासून पाटीला मरण नाही.

ऑपॉर्च्युनिटी हा सरांचा लाडका शब्द. तो लॅटिनमधून आला, गलबताला बंदराकडे नेणारा वारा असा त्याच्या मुळाशी अर्थ आहे, हे ते टपरीवर सांगतात. ऐकणाऱ्यांनी बंदर बघितलेलं नसतं. त्यांना ठाऊक घाटनांदूरचं रेल्वेस्टेशन. "म्हंजे फाट्यावर उभं ऱ्हावं अन् तेवढ्यात काळी-पिवळी यावी, असंच की," कुणीतरी म्हणतं. सर तोंड वाकडं करतात. दुसऱ्या दिवशी वर्गात उदाहरण मात्र काळी-पिवळीचंच.

त्यांचा जीव जातो तो चान्सपायी. "सर, औंदा पावसाची ऑपॉर्च्युनिटी हाय का?" असं कुणी विचारलं की त्यांना कापरं भरतं. पाऊस आपण पाडत नाही, म्हणून पावसाचा चान्स. पेरणी आपण करतो, म्हणून पेरणीची ऑपॉर्च्युनिटी. इतकं सोपं आहे, असं त्यांचं म्हणणं.

"अन् पीकविम्याचं?"

"तिथं चान्सच."

स्कोपपुढे मात्र त्यांनी हात टेकलेत. बीएस्सीला स्कोप, कुक्कुटपालनाला स्कोप, सरपंचकीला तर लईच स्कोप. साहेबाचं इंग्रजी काही म्हणो, गावात हा शब्द आता पगार या अर्थी चालतो.

प्रेझेंट शिकवायची त्यांची पद्धत कानांना सोसवत नाही. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर हजर किंवा भेटवस्तू, दुसऱ्यावर दिला तर सादर करणे. जोर कळावा म्हणून पोरं बाकावर बुक्की मारतात आणि पत्रे खणखणतात. एकदा शेजारचे नव्वदीचे आजोबा काठी आपटत आले. हा मुलूख 1948पर्यंत निजामाचा. आजोबांची अक्षरओळख उर्दूतली.

"काय कुटूलालाव रे?"

सरांनी अर्थ सांगितले. आजोबा म्हणाले, "हाजिर, नजराणा, पेश करणं. तीन गोष्टींना तीन शब्द हायती. तुमच्या साहेबाला परवडत नव्हते का?" कोर्टातली पेशी त्यातलीच, हे वर ऐकवून ते गेले. सरांनी तिन्ही शब्द फळ्यावर लिहून घेतले. साहेबाच्या गरिबीबद्दल त्या दिवशी ते काही बोलले नाहीत, ही त्यांच्या आयुष्यातली दुर्मीळ शांतता.

दिवाळीनंतर उचल घेतलेली घरं ऊसतोडीला निघतात आणि वर्गात प्रेझेंट म्हणायला चार पोरं उरतात. फी कारखान्याच्या वाटेला लागलेली असते. अशाच एका हंगामात सरांना लातूरच्या एका क्लासमधून फोन आला.

"सर, तुमच्यासाठी मोठी ऑपॉर्च्युनिटी आहे."

सरांनी घसा साफ केला. "जॉब म्हणा ना. पगार किती?"

"पहिले सहा महिने पगार नाही."

"असं होय," सर म्हणाले, "मग शब्द बरोबर वापरलात."