मास्तरांचा निकाल

फ्रेमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स

तीर्थस्वरूप आप्पाकाका यांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. कॉलेज स्वायत्त झालं, आता विद्यार्थी प्राध्यापकांना मार्क देणार, आणि त्याचा फॉर्म ठरवणाऱ्या समितीवर निवृत्तीनंतर तुम्हाला ओढून नेलं, हे वाचून बरं वाटलं. निदान दुपारच्या वेळी कुकरच्या शिट्ट्यांवरून काकूंना दाबाचा नियम समजावून सांगायला तुम्ही घरी नसाल. तुम्ही मागितलात तसा इथल्या एका विद्यापीठातल्या फिजिक्सच्या वर्गाचा फॉर्म सोबत जोडला आहे. पण नुसता फॉर्म पाठवला तर तुमची समिती त्यावर कॉलेजचं बोधचिन्ह छापून सोमवारपासून वाटायला घेईल, म्हणून हे लांबलचक पत्र. आमची खुशाली एका ओळीत: सगळे ठणठणीत, बर्फ भरपूर, मेतकूट संपत आलंय.

इथली रीत अशी. सत्राची शेवटची परीक्षा तोंडावर आली की प्रत्येक विद्यार्थी प्रत्येक प्राध्यापकाला एक ते पाचपैकी मार्क देतो. नाव नाही, सही नाही. खाली चार ओळी मनातलं लिहायला जागा. फिजिक्सवाल्यांच्या वाट्याला येणारं मनातलं बहुतेक ठरलेलं असतं: माणूस हुशार आहे पण शिकवता येत नाही, वर्गात सोपं दाखवतो आणि पेपरात भलतंच काढतो, मार्क देताना हात आखडतो, उच्चार कळत नाहीत. स्तुतीही ठरलेलीच: बाई समजून घेतात, ग्रेड सढळ हाताने देतात. विद्यापीठाबाहेरची संकेतस्थळं आणखी वेगळी. त्यांतल्या सगळ्यांत गाजलेल्या संकेतस्थळावर 2018 पर्यंत देखण्या प्राध्यापकांच्या नावापुढे लाल मिरची लावायची सोय होती. थर्मोडायनॅमिक्स शिकवणाऱ्याने पन्नाशीनंतर मिरची कशी मिळवावी, हा विषय तुमच्या समितीपुढे येणार नाही अशी आशा आहे. तर या सगळ्या मतांची सरासरी काढतात, तीही दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत, आणि मग समजा 4.21 वाला शिक्षक 3.87 वाल्यापेक्षा चांगला ठरतो. माझं भांडण या आकड्याशी आहे. विद्यार्थी साक्षीदार म्हणून उत्तम असतो. वर्गात रोज काय घडलं ते त्याच्याइतकं कोणी पाहिलेलं नसतं. पण आपण किती शिकलो याचा निवाडा त्याला करता येत नाही, आणि फिजिक्समध्ये तर सगळ्यांत कमी करता येतो.

यावर तुम्ही लगेच ‘पोरांना काय कळतंय’ म्हणाल. घाई करू नका, कारण थोरांनाही कळत नाही. 1970 साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी मायकेल फॉक्स नावाच्या नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ करून व्याख्यानाला उभं केलं. विषय होता वैद्यकीय शिक्षणात गणिती गेम थिअरीचा उपयोग. त्या नटाला विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने भारदस्त आवाजात, अधूनमधून विनोद पेरत, परस्परविरोधी आणि पोकळ वाक्यं म्हटली. श्रोते मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, स्वतः शिकवणारे लोक. त्यांनी फॉर्म भरून व्याख्यानाची वाखाणणी केली. 1973 साली हा प्रयोग छापून आला. याच्या उलट्या टोकाचं उदाहरण तुमच्या कपाटातच आहे. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनने 1961 ते 1963 या काळात कॅलटेकमध्ये दिलेली व्याख्यानं जगभर डोक्यावर घेतली गेली; पण त्या व्याख्यानांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत फाइनमन लिहितो की परीक्षेत बहुसंख्य मुलांनी गणितं कशी सोडवली हे पाहता आपला प्रयत्न फसला असं वाटतं. त्याने टाळ्या मोजल्या नाहीत, उत्तरपत्रिका पाहिल्या.

फिजिक्समध्ये ही फसगत जास्त का, याचं कारण विषयातच आहे. रसायनशास्त्राच्या पहिल्या तासाला मूल बेंझिनबद्दल कोरं असतं. फिजिक्सच्या पहिल्या तासाला ते कोरं नसतं. त्याने जन्मभर चेंडू फेकलेत, कपाटं ढकललीत, आणि ढकलणं थांबलं की वस्तू थांबते हे त्याचं पक्कं मत झालेलं असतं. ॲरिस्टॉटलचंही तेच मत होतं, त्यामुळे मुलाला एकट्याला दोष देता येत नाही. प्राध्यापक न्यूटनचे नियम फळ्यावर लिहितो, मूल ते पाठ करतं, गणितात आकडे भरून उत्तरही काढतं. जुनं मत मात्र जागचं हलत नाही. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी 1992 साली हे तपासण्यासाठी एक प्रश्नसंच प्रसिद्ध केला. त्यात आकडेमोड जवळपास नाहीच. अवजड ट्रक छोट्या गाडीवर आदळला, तर कोणाचं बल कोणावर जास्त? तिसरा नियम तोंडपाठ असलेली मुलं बेधडक लिहितात, ट्रकचं. हार्वर्डमध्ये एरिक मझूर 1984 पासून फिजिक्स शिकवत होते आणि विद्यार्थ्यांच्या फॉर्मवर त्यांचे मार्क झकास होते. 1990 च्या सुमारास त्यांनी आपल्या वर्गाला असेच प्रश्न घातले, तेव्हा वर्गातल्या कोणीतरी विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू, की मला वाटतं त्याप्रमाणे? फॉर्मांच्या गठ्ठ्यात न सापडलेली गोष्ट त्या एका शंकेत मझूरना सापडली. त्यांनी व्याख्यान कमी केलं, वर्गात प्रश्न टाकून मुलांना शेजाऱ्याशी वाद घालायला लावलं, आणि समज वाढली.

मग असं शिकवणाऱ्याला मुलं जास्त मार्क देत असतील, नाही का? हार्वर्डच्याच फिजिक्सच्या वर्गात लुई देलोरियर आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं आणि निष्कर्ष 2019 साली छापले. मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नावाजलेल्या शिक्षकाचं घोटीव व्याख्यान, दुसऱ्याला तेच साहित्य देऊन स्वतः झगडायला लावलं. पुढच्या विषयाला गटांची अदलाबदल. चाचणीत झगडणारे पुढे होते. पण ‘आज मी खूप शिकलो’ असं जास्त कोणाला वाटलं? व्याख्यान ऐकणाऱ्यांना. ओघवतं विवेचन ऐकताना प्राध्यापकाची समज आपलीच वाटू लागते. स्वतः सोडवायला घेतलं की अडखळणं सुरू होतं, आणि अडखळणं म्हणजे न कळणं असा समज होतो. नेमकी हीच भावना फॉर्म मोजतो.

तुमच्या समितीत एखादे गृहस्थ म्हणतील की हा एका तासाचा अनुभव झाला, वर्षभराचं काय? त्यांना कोलोरॅडोतल्या हवाई दलाच्या ॲकॅडमीचा दाखला द्या. तिथे प्राध्यापक निवडायची मुभा नसते, तुकड्या आपोआप पडतात, पेपर सगळ्यांना एकच, आणि पुढचे विषय सक्तीचे. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी 2010 साली दाखवलं की कॅल्क्युलसच्या ज्या शिक्षकांना मुलांनी चांगले मार्क दिले, त्यांची मुलं त्या परीक्षेत चमकली आणि पुढच्या विषयांत मागे पडली. ज्यांच्या नावाने बोटं मोडली, त्यांची मुलं पुढे टिकली. लष्करी संस्थेचा कायदा आपल्याला कसा लागू, असं कोणी विचारलं तर मिलानच्या बोकोनी विद्यापीठात 2014 साली जवळपास हाच निष्कर्ष निघाला आहे. पाऊस पडत असला की तिथे प्राध्यापकांचे मार्क उतरतात असंही आढळलं. तुमच्या रत्नागिरीत जुलैमध्ये फॉर्म वाटलात तर सगळं डिपार्टमेंट नापास होईल.

आता मार्क देण्याच्या बाजूकडे येते, कारण खरी मेख तिथे आहे. तुमच्या काळात पेपर विद्यापीठाचा, तपासणारा कोण ते परमेश्वराला ठाऊक; त्यामुळे शिक्षक आणि विद्यार्थी एका बाजूला आणि विद्यापीठ दुसऱ्या. अमेरिकेत शिकवतो तोच पेपर काढतो, तोच ग्रेडच्या रेषा आखतो. स्वायत्त झाल्यावर तुमच्याकडेही बरंचसं तेच होणार. म्हणजे एकाच महिन्यात दोघांनी एकमेकांना मार्क द्यायचे, आणि लग्नातल्या आहेरासारखं, समोरून किती आलं ते पाहून पाकीट भरायचं. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही, तसं घडलेलं आहे. आमच्यापासून जवळच वेलस्ली कॉलेज आहे. ग्रेड फार फुगल्या म्हणून त्यांनी 2004 साली नियम केला की खालच्या वर्गांची सरासरी बी प्लसच्या वर जाऊ द्यायची नाही. फिजिक्ससारखी खाती आधीपासूनच हात राखून होती, त्यांना फरक पडला नाही. ज्या खात्यांना ग्रेड उतरवाव्या लागल्या, तिथल्या प्राध्यापकांचे विद्यार्थ्यांकडून येणारे मार्कही उतरले. पाहणी तिथल्याच अर्थशास्त्रज्ञांनी केली आणि 2014 साली छापली. हार्वर्डमध्ये असा लगाम नव्हता. 2013 साली तिथल्या डीनना भर बैठकीत सांगावं लागलं की आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा दिली जाणारी ग्रेड ‘ए’ आहे.

फिजिक्सवाला या बाजारात मार खातो, आणि थोडा स्वतःच्या करणीनेही खातो. इथे पेपर मुद्दाम अवघड काढण्याची पद्धत आहे. सगळ्यांनाच पंच्याण्णव पडले तर कोणाला किती येतं ते कळत नाही, हे त्यामागचं तर्कशास्त्र. वर्गाची सरासरी शंभरात पंचेचाळीस आली तरी कोणी दचकत नाही. मग त्या सरासरीभोवती ग्रेड बसवतात आणि पंचेचाळीसवाल्याला ‘बी’ मिळते. आपल्याकडे ज्या मार्कांवर आई जेवण सोडेल, त्यावर इथला मुलगा पेढे वाटू शकतो. पण ते त्याला डिसेंबरात कळतं. तोवर तीन महिने तो स्वतःला नापास समजून फिरत असतो, आणि फॉर्म भरण्याची वेळ नेमकी तेव्हाच येते. इथे मी पूर्णपणे विद्यार्थ्यांच्या बाजूची आहे. शिवाय ‘ए’ ठरावीक जणांनाच द्यायची असेल तर शेजाऱ्याला समजावणं म्हणजे स्वतःची ग्रेड घालवणं, आणि मझूरचा सगळा उपाय तर शेजाऱ्याशी बोलण्यावर उभा आहे. ‘मार्क कमी दिले’ ही तक्रार सोडून द्या. ‘मार्क कसे देणार ते सांगितलं नाही’ ही तक्रार मात्र पहिल्या पानावर हवी.

सर्वांत वजनदार आक्षेप उरतोच. विद्यार्थ्यांचं ऐकू नका म्हटलं की कामचुकार प्राध्यापक खूश होतो. ‘मुलांना काही कळत नाही’ ही त्याची जुनीच ढाल. खरं आहे, आणि म्हणूनच विद्यार्थ्यांना विचारणं बंद करा असं मी म्हणत नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं विचारा, मनाला वाटलेलं नको. कारण मनात काय काय शिरतं, पाहा: डोनल्ड रूबिन यांनी 1992 साली विद्यार्थ्यांना एकाच आवाजातली ध्वनिफीत ऐकवली, फक्त बोलणाऱ्याचा फोटो बदलला. आशियाई चेहरा दिसला की मुलांना परदेशी उच्चार ऐकू आले आणि विषयही कमी कळला. इथे शिकवणाऱ्या आपल्या कुलकर्णी-पाटलांचे मार्क दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत मोजताना यातलं किती वजा करायचं, ते कोणी सांगत नाही. आणि आकड्याचं पुढे काय होतं? 2022 साली न्यूयॉर्क विद्यापीठात ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या 350 मुलांपैकी 82 जणांनी मेटलँड जोन्स यांच्याविरुद्ध अर्ज केला: मार्क कमी, परीक्षा कमी, बोलणं तुसडं. त्यांना काढा असं त्या अर्जात म्हटलेलं नव्हतं. विद्यापीठाने करार संपवला. विषयावरचं जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिलेला माणूस, पण नेमणूक वर्षावर्षाची. मुलांनी साक्ष दिली होती, शिक्षा कार्यालयाने परस्पर ठोठावली. कॅनडात मात्र 2018 साली रायर्सन विद्यापीठाच्या प्रकरणात लवादाने निकाल दिला की असल्या सरासऱ्या बढतीसाठी अध्यापनाचं माप म्हणून वापरायच्या नाहीत.

म्हणून सोबतच्या फॉर्ममधला शेवटचा प्रश्न, ‘एकूण हा शिक्षक कसा वाटला, एक ते पाच’, छापण्याआधी काढून टाका. त्याजागी विचारा: तास वेळेवर झाले का, उत्तरपत्रिका किती दिवसांत परत मिळाल्या, ग्रेड कशी ठरणार हे पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं का, शंका विचारल्यावर काय झालं. ट्रक आणि गाडीसारखे प्रश्न सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी घाला. शिकणं त्यात दिसेल. आणि जमलं तर त्याच मुलांना एक वर्षाने पुन्हा विचारा, पुढचा पेपर देऊन झाल्यावर. मात्र एक गोष्ट जमलं तर नव्हे, कराच. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची पुढच्या वर्षीची नेमणूक या आकड्यावर ठरवायचा ठराव कोणीतरी आणेलच. तुम्ही विरोधात मत द्या, आणि ते इतिवृत्तात नावासकट नोंदवून घ्या.

काकूंना नमस्कार. मेतकुटाचं त्यांच्या कानावर घाला.

कळावे, आशीर्वाद असावेत.

तुमची पुतणी,
मीनल