बूटपारखी

शिवाजी पार्कला पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांत एक जमात अशी असते, की ती माणसाचं तोंड न बघता पाय बघते. काका त्यातलेच. (कुणाचे काका, हा प्रश्न गैरलागू. पार्कात साठी ओलांडलेला प्रत्येक जण काकाच असतो.) रोज समोरून जाणाऱ्या ‘निळे बूटवाल्या’चं नाव त्यांना अजून माहीत नाही, पण त्याची उजवी टाच बाहेरच्या अंगाने झिजते हे पक्कं ठाऊक आहे.

पार्काच्या एका फेरीला किलोमीटरहून थोडं जास्तच अंतर पडतं. काका जेमतेम गणपतीच्या देवळापर्यंत पोचतात, तोच कुणीतरी नवा कोरा जोड घालून आलेला दिसतो. झालं! त्याला कट्ट्यावर बसवून बूट काढायला लावतात. मग बूट दोन्ही हातांनी धरून वाकवायचा. चवड्यापाशी वाकला तर पास, मधोमध दुमडला तर “उद्याच परत करा.” टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबायचा, तो सहज आत गेला तर आणखी एक लाल शेरा. शेवटी बूट पुन्हा घालायला लावून पायाच्या बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटते का ते चाचपायचं. “आत बोटांना पेटी वाजवता आली पाहिजे, पेटी!”

पंचाईत ही, की काकांचं यातलं काहीच चूक नसतं. दिवसभरात पाय थोडे फुगतात, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत. दोन्ही पाय तंतोतंत सारखे क्वचितच असतात, म्हणून मोठ्या पायाचं माप धरावं. चालताना घालतो तेच मोजे दुकानात न्यावेत. हाडांचे डॉक्टरही हेच सांगतील, फक्त फी घेऊन.

स्वतः काका दुकानात शिरतात ते संध्याकाळी सातला, खिशात मोजे घेऊन. तासाभरात काउंटरवर खोक्यांची चळत लागते.

“हा रनिंगचा झाला. वॉकिंगचा दाखव.”

“काका, सगळे हाच नेतात वॉकिंगला.”

“म्हणूनच सगळ्यांचे गुडघे बोंबलतात!”

इथे मात्र काका जरा जास्तच ताणतात. रनिंगचा बूट पायात नीट बसत असेल, तर तो घालून चालायला काहीच हरकत नाही. पण हे त्यांना सांगणार कोण? दुकानातला मुलगा तर नक्कीच नाही. त्याला दुकान बंद करून विरारची लोकल पकडायची असते.

घरीही सुटका नाही. तळव्याची कमान कळावी म्हणून त्यांनी एकदा घरातल्या झाडून सगळ्यांना ओल्या पायांनी जुन्या पेपरांवर उभं केलं. सुनेचा ठसा भरीव उमटला, म्हणजे तळवा सपाट. नातवाची कमान उत्तम. काकूंनी “फरशी कोण पुसणार?” एवढंच विचारलं आणि त्या आपले जुने कॅनव्हासचे बूट चढवून बाहेर पडल्या. काकांचा वर्ग सुटेपर्यंत काकूंच्या तीन फेऱ्या होतात, हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कुणी नाही.

चालण्याचा बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर बदलावा म्हणतात. काकांच्या वेगाने हा हिशोब नातवाच्या लग्नापर्यंत पुरेल. शिवाय त्यांचा सगळ्यात भारी जोड अजून खोक्यातच आहे, “उगाच झिजायला नको.” तेवढं मात्र त्यांचं साफ चुकतं. बऱ्याच बुटांच्या तळात पॉलियुरेथेन असतं आणि ते मुंबईच्या दमट हवेत न वापरताही हळूहळू भुसभुशीत होतं. काही वर्षांनी असा जोड हौसेने बाहेर काढला, की पहिल्याच फेरीत सोल पायाची साथ सोडतो. तुमच्याही माळ्यावर असं एखादं खोकं असेल, तर ते उद्याच खाली काढा.