प्रवेश फुकट, उजेड विकत

रोममध्ये कलेला तोटा नाही, तोटा उजेडाचा. निदान आमच्या ह्यांचं तसं ठाम मत पडलं, आणि सरकारी खात्यात विद्युत अभियंता म्हणून जन्म काढलेल्या माणसापुढे दिव्याबत्तीच्या बाबतीत मी काय बोलणार?

सकाळी बोर्गेझे गॅलरी गाठली. तिकीट आधीच काढावं लागतं आणि आत मिळतात मोजून दोन तास. पिशव्या बाहेर जमा करायच्या, त्यामुळे माझ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी कोटांच्या शेजारी टांगली गेली. पहिल्याच दालनात नेपोलियनची बहीण पाओलिना संगमरवरी गादीवर रेलली होती, कमरेच्या वर काही न नेसता. कानोव्हाने १८०८ साली पुऱ्या केलेल्या ह्या बाईंसमोर आमचे हे एकदम गुडघ्यावर बसले आणि खालून बघायला लागले.

‘‘अहो, उठा! लोक बघताहेत!’’

‘‘अगं, लाकडी बैठक बघतोय. हिच्यात मूर्ती फिरवायची यंत्रणा होती. पाहुण्यांनी जागचं हलायचं नाही, बाई स्वतः फिरून दाखवणार. रात्री मेणबत्तीच्या उजेडात!’’

पाओलिनाबाईंचं तोंड ह्यांनी पाहिलं की नाही, कोण जाणे. पुढे बर्निनीचा अपोलो डाफ्नीच्या मागे धावत होता आणि तिच्या बोटांना लॉरेलची पानं फुटत होती. दगडाची पानं, पण फुंकर मारली तर हलतील अशी! माझ्या तोंडून शब्द फुटेना. ह्यांच्या फुटला, ‘‘हे हलवायचं झालं तर पॅकिंग कोण करणार?’’

दुपारी बरीचशी चर्चं बंद असतात. बाकावर बसून दशम्या संपवल्या आणि दारं उघडल्यावर सान लुइजी देई फ्रांचेझी ह्या फ्रेंचांच्या चर्चमध्ये शिरलो. डाव्या हाताच्या शेवटच्या चॅपेलात कारावाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत. पाहायला पैसे पडत नाहीत, पण चॅपेलात मिट्ट काळोख. डब्यात नाणं टाकलं की दिवा लागतो, आणि नजर जरा ठरते न ठरते तोच खट्ट करून विझतो. पंधरावीस माणसं अंधारात उभी, कुणाचाही हात खिशाकडे जाईना. मी पर्स उघडली तर ह्यांनी मनगट धरलं. ‘‘थांब. मागून ग्रुप येतोय.’’

ग्रुप आला, गाइडने नाणं टाकलं आणि भिंत जागी झाली. करवसुली करणारा मॅथ्यू साथीदारांसह टेबलाशी बसलाय. उजवीकडून येशू हात लांबवून बोलावतोय आणि त्याच्या डोक्यावरून उजेडाची तिरीप आत आलीय. दाढीवाला बोट दाखवून ‘मी?’ म्हणतोय, की ते बोट शेजारच्या पोराकडे आहे, यावर विद्वानांचं अजून भांडण चालू आहे. टोकाला बसलेलं ते पोरगं मात्र मान खाली घालून नाणी मोजतंय. साक्षात येशू दारात आला तरी हिशोब आधी!

खट्ट. पुन्हा काळोख. शेजारी किणकिण ऐकू आली. हे मान खाली घालून तळहातावरची नाणी चाचपत होते.

‘‘एका युरोत किती सेकंद पडतात, ते काढतोय. दर फार लावलाय गं.’’

शेवटी सांत इन्याझिओ. ह्या चर्चच्या घुमटाला पैसे पुरले नाहीत, असं सांगतात. मग आंद्रेआ पोझ्झो या जेझुइट चित्रकाराने १६८५ साली प्रचंड कापडावर घुमट रंगवला आणि तोच वर बसवून दिला. जमिनीत संगमरवरी चकती आहे. तिच्यावर उभं राहून पाहिलं की खांब, कमानी, झरोके सगळं अस्सल. पुढे सरकलं की घुमट कलंडलाच!

हे चकतीवर उभे राहिले, उतरले, पुन्हा चढले. मग तडक दानपेटीपाशी जाऊन, कुणी न सांगता, त्यांनी आख्खा युरो आत सोडला.

‘‘आत्ता कसा हात सुटला?’’ मी विचारलं.

‘‘मानलं ह्या माणसाला! काम न करता पुरं दाखवणारे कंत्राटदार मी पुष्कळ पाहिले. पण तपासणीला आलेल्या साहेबाने नेमकं कुठे उभं राहायचं, ती जागा आधीच फरशीत बसवून ठेवणारा हा पहिलाच!’’