नाव तेच, खेळ नवा

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गोष्टींपेक्षा नावांचा तुटवडा जुना आहे. 'आँखें' हे नाव घ्या. 1968 मध्ये रामानंद सागरांनी त्याखाली हेरकथा दाखवली. 1993 मध्ये डेव्हिड धवन यांनी गोविंदा, चंकी पांडे आणि एका माकडाला तेच नाव दिले. माकडाने काम चोख केले. 2002 मध्ये तीन आंधळ्यांनी बँक लुटली, म्हणजे निदान एकदा तरी नावाचा कथेशी संबंध आला. 'बरसात' तर तीनदा कोसळली: 1949, 1995 आणि 2005. पहिली राज कपूरची. पुढच्या दोन्हींत भिजायला बॉबी देओलच. छत्री बदलायची तसदीही कोणी घेतली नाही.

नावे पुरेनात तेव्हा जुन्या गाण्यांच्या ओळी कामाला आल्या. 'बचना ऐ हसीनो' हे 1977 च्या चित्रपटातले गाणे 2008 मध्ये स्वतःच चित्रपट होऊन बसले. मराठीतही 'सामना' म्हटल्यावर जब्बार पटेलांचा चित्रपट आठवतो की 1988 मध्ये निघालेले दैनिक, यावरून माणसाचे वय आणि क्वचित पक्षही कळतो.

निर्मात्यांच्या संघटना नावांची नोंदणी करतात, ती आपसातली शिस्त. कायदा अधिक उदार आहे: 'देसी बॉइज'च्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, असा निर्वाळा दिला. तेव्हा प्रेक्षकांनी यापुढे चित्रपटाचे नाव सांगताना सालही सांगावे.