दोन सामने आणि एक पुढे चाल

लातूर जिल्ह्यातल्या चाकूरच्या एखाद्या कॉलेजानं उद्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचं अजिंक्यपद पटकावलं, तर पेपरात फोटो येणार हे नक्की. पुढं खुर्च्यांवर संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य आणि क्रीडा संचालक, मधोमध करंडक. मागं उभी राहून, माना तिरक्या करून फोटोत घुसणारी पोरं कोण, ते बातमीच्या शेवटी, जागा उरली तर. बसस्टँडसमोर अभिनंदनाचा फ्लेक्सही लागेल. या कशालाच माझी हरकत नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे: या पोरांनी अजिंक्यपद मिळवलेलं असेल, पण हंगाम खेळलेला नसेल. आणि आपल्याकडं फुटबॉल रुजत नाही, त्याचं खरं दुखणं मैदानात नाही की बुटांत नाही, इथंच आहे.

हिशेब सोपा आहे. आठ संघांची बाद फेरी धरा. विजेत्याच्या वाट्याला तीन सामने येतात. त्यातला एक संघ परीक्षेमुळं किंवा गाडीची सोय न झाल्यामुळं आलाच नाही, की पुढे चाल. उरले दोन. म्हणजे तीन तासांच्या खेळात माणूस वर्षभराचा अजिंक्य होतो. हरणाऱ्याचं तर वर्ष नव्वद मिनिटांतच आटोपतं. आल्यापावली जर्सी धुऊन परत जमा. म्हणून संघही तसाच उभा राहतो. खो-खोतले पळणारे दोघं कडेला, कबड्डीचा कोपरारक्षक बचावाला, आणि व्हॉलीबॉलचा उंच पोरगा गोलात, कारण चेंडूला हात लावायची सवय फक्त त्यालाच. गोलाला जाळी नसली तर पुढची गंमत अशी, की चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावर दोन्ही कॉलेजांची चर्चासत्रं भरतात आणि चेंडू तोवर तुरीत असतो.

आता अमेरिका बघा. तिथला कॉलेजचा फुटबॉल हातात धरून पळायचा असतो, ते सोडून द्या. ओहायो स्टेट विद्यापीठानं 2024 च्या हंगामाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं ते सोळा सामने खेळून, आणि त्यातले दोन हरून. दोन हरून अजिंक्य! आपल्या बाद फेरीत हे पोरगे पहिल्या पराभवालाच बसस्टँडवर उसाचा रस पीत बसले असते. हंगामाचा खरा फायदा हाच, की त्यात हरायला जागा असते. शनिवारी गोल खाल्ला तर पुढच्या शनिवारपर्यंत तो का खाल्ला याचा विचार करता येतो. बाद फेरीत विचार करायला पुढचं वर्ष मिळतं, आणि पुढच्या वर्षी तो गोलकीपर बीएड करत असतो.

अमेरिकेचं काय सांगता, तिथं पैसा आहे, असं कुणी म्हणेल. ठीक, मग घरचं घेऊ. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघानं 1950 ते 1954 सलग पाच वर्षं रोव्हर्स करंडक मुंबईत जाऊन उचलला. त्या पाचही वर्षांत चाकूर हैदराबाद राज्यात होतं. मराठवाडा तिथून निघाला तो 1 नोव्हेंबर 1956 ला. म्हणजे देशातला एक अव्वल संघ कायद्यानं आपलाच होता. त्याचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशानं शिक्षक, ‘मैदान’ सिनेमामुळं आता सगळ्यांना ठाऊक झालेले. त्यांनीच भारताला 1951 आणि 1962 ची एशियाड सुवर्णपदकं मिळवून दिली. ड्रिबलिंगला बंदी असलेल्या आणि डाव्या-दुबळ्या पायानंच खेळायच्या स्पर्धा ते भरवत. अशा स्पर्धा सुचायला आधी पोरं वारंवार खेळताना दिसावी लागतात. हैदराबादहून परळीकडं जाणारी रेल्वे लातूर रोड स्थानकावरूनच जाते. त्या मार्गानं आपण उस्मानियाच्या पदव्या आणल्या, बिर्याणी आणली, बोलण्यात ‘हौ’ आणलं. चेंडू तेवढा आणायचा राहिला.

पुढचा आक्षेप मातीचा. काळी जमीन पावसाळ्यात बूट सोडत नाही आणि उन्हाळ्यात इतकी भेगाळते की चेंडू शोधावा लागतो. त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी. निम्मा संघ रानात. हे सगळं खरं आहे, पण केरळात मलप्पुरमला सात-सातचा फुटबॉल भाताची कापणी झालेल्या शेतांतच वाढला. त्यांनी पिकाशी भांडण केलं नाही, पीक निघायची वाट पाहिली. आपण मात्र स्पर्धा नेमकी चिखलात किंवा काढणीत ठेवतो आणि मग ‘ग्रामीण भागात क्रीडासंस्कृती नाही’ असं परिसंवादात सांगतो. कोल्हापुरात अख्ख्या शहराची फुटबॉलची हौस मुख्यतः एका शाहू स्टेडियमवर भागते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमी महिनोन्‌महिने तिथंच भिडतात. तिथं आज हरलेल्या पेठेला पुढच्या सामन्यापर्यंत बाजारात तोंड दाखवावं लागतं, आणि हा सराव कुठल्याही प्रशिक्षकाला देता येत नाही.

शिवाय हंगाम ही गोष्ट लातूरला नवी नाही. रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1970 च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले. त्यांच्यामागं जी कुस्ती उभी होती ती जत्रा-जत्रांच्या फडांवर पोसलेली. आज या गावची यात्रा, आठवड्यानं त्या गावची; पाठ लागली तरी पुढचा फड आहेच. कुस्तीला जत्रांचं कॅलेंडर मिळालं, फुटबॉलला परिपत्रक. 15 सप्टेंबर 2017 ला महाराष्ट्रात एका दिवसात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा अशी सरकारी मोहीम निघाली होती. शाळांना चेंडूही वाटले. दिवस झकास गेला असणार. सोळा तारखेचं काय, हे कुणी विचारलं नाही; चेंडूंचं काय झालं ते कपाटाच्या किल्लीवाल्यांना ठाऊक.

लातूर पॅटर्नवाले पालक म्हणतील, पोरगं नीट देणार की गोल? त्यांना उत्तर त्यांच्याच भाषेत द्यावं. एकच टेस्ट घेऊन नीटला बसवणारा क्लास लातुरात आठ दिवस टिकेल का? दर रविवारी टेस्ट, सोमवारी निकाल, चुकलेल्यांची पुन्हा उजळणी, यावरच अख्खं शहर चाललंय. फुटबॉलसाठी मी याहून वेगळं काही मागत नाही.

तेव्हा चाकूर, अहमदपूर, उदगीर, निलंगा, औसा, रेणापूर, देवणी आणि लातूर अशा आठ ठिकाणच्या संघांची साखळी घ्या. एकदाच भिडले तरी अठ्ठावीस सामने, प्रत्येकाला सात. डिसेंबरपासून सात शनिवारांत उरकतं. मैदान लहान असेल तर सात-सात खेळवा. प्रवास एसटीनं, त्यामुळं सामना परतीच्या गाडीच्या वेळेवर बांधलेला असावा, उद्घाटनाच्या नाही. प्रमुख पाहुण्यांची वाट बघू नये. ते मध्यंतरापर्यंत पोचले, तर नारळ तेव्हा फोडावा आणि चेंडूला पाय लावायची त्यांची हौसही तेव्हाच भागवावी. फक्त चेंडू तुरीतून कोण आणणार, हे आधी ठरवून ठेवावं.