ताप घरोघरी, अहवाल निरंक

पुणे जिल्ह्यातल्या पाबळची इतिहासात नोंद आहे ती मस्तानीच्या समाधीमुळे. पाबळच्या तापाला तसा मान हवा असेल, तर त्यालाही आधी पेशव्यांशी नातं जोडावं लागेल.

रीत ठरलेली आहे. फणफणलेला माणूस मोटारसायकलवर मधोमध बसवून दवाखान्यात आणतात. रक्ताचे थेंब पट्टीवर पडतात, थोड्या वेळात रेघ उमटते, आणि पेशंट घरी पोचायच्या आत आळीला कळतं: डेंग्यू! पेशी ऐंशी हजार! मग किवी, पपईच्या पानांचा रस, शेळीचं दूध. शेळीवाल्याला कळतं, फळवाल्याला कळतं, मेडिकलवाल्याला तर सगळ्यांच्या आधी कळतं. कळत नाही ते फक्त सरकारला. कारण पट्टीवरचा डेंग्यू सरकारदरबारी नुसता ‘संशयित’. एलायझा चाचणीत निघाला तरच पक्का. तो नमुना ठरलेल्या प्रयोगशाळेत जाऊन परत येईपर्यंत पेशंट उठून कांदा लावायला गेलेला असतो.

साथ कळवायची व्यवस्थाच नाही, असं मात्र म्हणू नका. एस फॉर्म आरोग्यसेविकेचा, पी डॉक्टरचा, एल प्रयोगशाळेचा. पूर्वी आठवड्याचा कागद जायचा, २०२१ पासून पोर्टल आलं आणि काम रोजचं झालं. रोज भरायचं म्हटल्यावर ‘निरंक’ फार सोयीचं. त्याला ना पत्ता लागतो, ना मोबाइल नंबर, ना वरून फोन येतो.

खासगी डॉक्टरनं कळवलंच, तर दुसऱ्या दिवशी धुराचं मशीन घरघरत येतं, बॅटरी घेऊन माणसं हौदात डोकावतात, आणि गावच्या कारभाऱ्यांचा फोन येतो, “डॉक्टर, यात्रा तोंडावर आलीय, गावाचं नाव कशाला खराब करता?” डॉक्टर शहाणे असतात. केसपेपरवर ‘व्हायरल’ लिहितात. त्यात अख्खी साथ मावते आणि कुणाला राग येत नाही.

जिल्ह्यातल्याच बेलसरचं पाहा. २०२१ च्या जुलैत तिथं ताप वाढला, नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्ही) गेले आणि राज्यातला पहिला झिका सापडला. वेळेवर कळवल्याचं बक्षीस काय? बेलसर म्हटलं की लोकांना झिका आठवतो. निरंकवाली गावं मात्र निरोगी!

क्षयाचं तरी बरं. २०१२ पासून कळवणं सक्तीचं, २०१८ च्या राजपत्रानं न कळवणाऱ्याला तुरुंगाचा धाक घातला, वर कळवणाऱ्याला पाचशे रुपये. तरी डॉक्टर विचारात पडतात. क्षयाच्या ‘निक्षय’ पोर्टलवर माहिती भरायला बसलं की बाहेर बाकड्यावरचे पेशंट खोकून खोकून घर गाठतात.

उपाय तर पाठच आहेत. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, सगळी भांडी रिकामी करा, असं आरोग्यसेविका सांगते. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या या पट्ट्यातली आजी बॅरलवर हात ठेवून विचारते, “ताई, बाकीचं सहा दिस वलं कवा व्हतं?” ताई दोन गप्पी मासे सोडून पुढच्या घरी जाते.

चुकून केस पक्की झालीच, तर ती कुणाची? राहायला पाबळ, कामाला रांजणगाव एमआयडीसी, ॲडमिट पुण्यात. शहर म्हणतं ग्रामीणची, ग्रामीण म्हणतं डास कारखान्यात चावला. डासाचा जबाब तेवढा राहतो.

आता गंमत ऐका, आणि ही पदरची नाही. दिल्लीत साथरोग सर्वेक्षणाचा एक कक्षच आहे, तो बातम्या चाळून साथी शोधतो. इकडे वार्ताहर आकड्यासाठी सरकारी फोन लावतो, पलीकडून ‘निरंक’ येतं, बातमी पडते. कधी छापून आलीच, तर दिल्लीहून पुणे, पुण्याहून शिरूर अशी पडताळणी उतरते. सिस्टर पुन्हा रजिस्टर काढतात, साहेब पुन्हा सही करतात. तापाचं काय ते होतं. बातमी कुणी दिली, याची मात्र कसून चौकशी होते.